द्वारकेतली दवंडी



आजचं वाचन मौसलपर्वातलं. सांबाची थट्टा, ऋषींचा शाप, त्याच्या पोटी आलेलं मुसळ, हे सगळं आपल्याला माहीत असतं. पण त्यानंतर लगेच एक गोष्ट घडते, तिच्यावरून आपण भरकन पुढे जातो. मुसळाचं चूर्ण करून समुद्रात टाकलं जातं आणि द्वारकेत दवंडी पिटली जाते: आजपासून नगरात कुणीही मद्य करायचं नाही. जो करेल त्याला बांधवांसकट जिवंत सुळावर चढवलं जाईल. दवंडी राजाच्या नावाने, बलरामाच्या नावाने, आणि हो, आपल्या कृष्णाच्याही नावाने.

लोकांनी ऐकलं. भीतीपोटी ऐकलं, असं व्यास स्पष्ट सांगतात.

मग काय झालं? सगळे यादव तीर्थयात्रेला प्रभासला गेले, आणि सोबत भरपूर खाणंपिणं घेऊन गेले. नगरात बंदी ना, मग नगराबाहेर! ज्याच्या नावाने दवंडी पिटली होती, त्याच्या डोळ्यांसमोर तिथे प्याले भरले गेले.

हे वाचताना मला इंग्लंडमधला एक कायदा आठवतो. तिथल्या काउन्सिलला, म्हणजे आपल्याकडच्या नगरपालिकेसारख्या संस्थेला, 2014 च्या कायद्याने एक अधिकार मिळाला. एखाद्या बागेत, बाजाररस्त्यावर, स्टेशनसमोर लोकांच्या वागण्याने तिथल्या रहिवाशांचं जगणं सतत त्रासाचं होत असेल, तर त्या जागेपुरता आदेश काढायचा. नाव पब्लिक स्पेसेस प्रोटेक्शन ऑर्डर. एका वेळी जास्तीत जास्त 3 वर्षांसाठी, गरज असेल तर पुढे वाढवता येतो. दारूबद्दलचा आदेश असेल तर तिथे पिणं हाच गुन्हा ठरत नाही. पोलीस किंवा काउन्सिलचा माणूस येऊन म्हणतो, पिणं थांबवा, बाटली द्या. कारण नसताना नकार दिलात, तर गुन्हा. मूळ कायद्यात जागेवरचा दंड 100 पौंडांपर्यंत, कोर्टात गेलं तर 500 पर्यंत. सुळापुढे हे फारच सौम्य. माणसाला थांबायची एक संधी देणारा कायदा मला आवडतो.

आणि असा आदेश हवाच, असं मला वाटतं. रात्री कामावरून परतणारी मुलगी बागेतला जवळचा रस्ता सोडून लांबचा वळसा घेते, आजोबा नातवाला घसरगुंडीवर न्यायचं टाळतात. त्यांना आपण म्हणायचं, ‘जाऊ द्या, बिचारे आहेत’? ही करुणा नाही, हे हलवायाच्या घरावर तुळशीपत्र आहे. सोसायचं त्यांनी आणि मोठं मन आपलं!

पण त्याच कायद्यात एक सूट आहे. परवाना असलेल्या पबच्या जागेला तो आदेश लागू होत नाही. तीच बिअर, तोच मोठा आवाज, पण पबच्या अंगणात ती शुक्रवारची मजा आणि दहा पावलांवरच्या बाकावर उपद्रव. पब हे सांभाळायला कुणीतरी जबाबदार असलेलं ठिकाण आहे, हे मान्य. तरी ज्याला घरच नाही, त्याची बैठकीची खोली म्हणजे तो बाक. त्याच्याकडून बाटली घेतली की तो पुढच्या बागेत जातो, पुलाखाली जातो. 100 पौंड तो कुठून आणणार? बेघर आहे एवढ्यावरूनच कुणाला या आदेशांचं लक्ष्य करू नका, असं 2017 मध्ये तिथल्या गृहखात्याला मार्गदर्शक सूचनांत लिहावं लागलं. लिहावं लागलं, यातच काय ते आलं. (आणि आपण? रूफटॉपवर ग्लास हातात धरून खाली फुटपाथवर पडलेल्याचा व्हिडिओ काढणारे आपल्यातही आहेत. गीतेतली समदृष्टी त्या क्षणी कुठे असते, कोण जाणे.)

आपल्याकडची आडवी बाटली आठवा. गावातल्या किंवा वॉर्डातल्या निम्म्याहून जास्त महिला मतदारांनी आडव्या बाटलीला मत दिलं, तर दारूचं दुकान बंद होतं. त्या बायकांना चौकातल्या गोंगाटाची फिकीर कमी असते. त्यांचा प्रश्न दाराच्या आतला असतो, पगाराचा, मारहाणीचा. इंग्लंडमधला आदेश बाकापर्यंत पोहोचतो, दाराच्या आत बघत नाही. पण दुकान काय, बाक काय, दोन्हींना शेजारचं गाव असतंच.

पुन्हा प्रभासला येऊ. तिथे दारू पोटात गेल्यावर सात्यकी कृतवर्म्याला हसला: झोपलेल्यांना मारणारा तू! कृतवर्म्याने उलट भूरिश्रव्याची आठवण काढली, हात तुटून प्राण सोडायला बसलेल्याला तू मारलंस ना? सात्यकीने त्याचं मस्तक उडवलं, आणि पुढचं सगळं त्या एरका गवताने केलं. युद्धाला 36 वर्षं झाली होती. इतकी वर्षं हे दोघे एकाच कुळात वावरले, एकाच समुद्राचा वारा खाल्ला. दवंडी पिटणाऱ्यांना भांडी दिसली. त्या रात्रीच्या छावणीचं काय झालं, रे, झोप लागते का तुला, असं या दोघांपैकी कुणालाही विचारल्याचं मला कथेत कुठे सापडलं नाही.

म्हणून काउन्सिलच्या आदेशाला माझा होकार आहे, पण अर्धा. बाटली काढून घेणाऱ्यासोबत दुसरा एक माणूस यायला हवा, जो बाकावर टेकेल, नाव विचारेल, उपचाराची किंवा रात्रीच्या निवाऱ्याची जागा दाखवेल आणि पुढच्या आठवड्यात तो पुलाखाली सापडला तर तिथेही जाईल. हे खर्चिक आहे, कंटाळवाणं आहे. आदेशाची पाटी एका दुपारी लागते, या कामाला वर्षं लागतात. तिथल्या काही काउन्सिल असे कार्यकर्ते पाठवतात. जिथे नुसती पाटीच लागते, तिथल्या लोकांनी विचारायला हवं, तो गेला कुठे?

उद्या अर्जुन द्वारकेत पोहोचतो. तिथून पुढे वाचू.