डाग आणि लाज

अब्रूस डाग लागला, नांवास बट्टा लागला, कुळास काळिमा आला, असे वाक्प्रचार आपल्या भाषेंत विपुल आहेत. वस्त्रावरचा शब्द माणसावर गेला, आणि माणसाच्या निंदेचा सारा भार पुन्हा वस्त्रावर येऊन बसला. म्हणूनच पांढऱ्या सदऱ्यावर आमटीचा थेंब पडतांच घरांत जो गहजब होतो, तो त्या थेंबाच्या मानानें फार मोठा असतो. मुलास दोन धपाटे आणि सदऱ्यास कढत पाणी व सोडा, असा उपाय तत्काळ ठरतो. या उपायाची योग्यायोग्यता पाहणें हा केवळ गृहशास्त्राचा प्रश्न नसून नीतीचाही आहे, असें मला वाटतें.

पानांत असते तोंवर आमटी हें अन्न असतें. तीच सदऱ्यावर पडली कीं तिला आपण डाग म्हणतों. तेव्हां जितके पदार्थ तितके डाग, आणि प्रत्येकाचा उपाय निराळा. रक्ताचा ताजा डाग थंड पाण्यानें निघतो. कढत पाणी घातल्यास रक्तांतील प्रथिनें उकडलेल्या अंड्याप्रमाणें धाग्यांतच थिजतात. हळदीच्या डागावर साबण लावतांच तो तांबडा होतो, आणि नवशिकी गृहिणी घाबरून अधिकच घासूं लागते. वास्तविक तो साबणांतील क्षाराचा हळदीच्या रंगावर झालेला परिणाम असतो. कपडा धुऊन भर उन्हांत टाकिला म्हणजे तो रंग हळूहळू उडूं लागतो. तेलकट डाग नुसत्या पाण्यास दाद देत नाहीं. त्यावर बेसन भुरभुरून १५ मिनिटें राहूं द्यावें, तेल शोषलें गेल्यावर तें झटकावें व मग साबण लावावा. साबणाच्या कणाचें एक टोंक तेलास धरतें, दुसरें पाण्यास, आणि या मध्यस्थीनें तेल कपड्यावरून सुटतें. लोखंडाच्या गंजास मात्र साबण चालत नाहीं, त्यास लिंबू व मीठ लागतें. कापडाचाही विचार हवाच. ज्या ब्लीचिंग पावडरीनें सुती धोतर शुभ्र होतें, तिनेंच रेशमी पैठणीच्या धाग्यांचा नाश होतो.

यावरून एक गोष्ट ध्यानांत येते. पुष्कळ डाग पक्के होतात ते आपल्या घाईनें व संतापानें. पदार्थ कोणता, धागा कोणता, हें न विचारतां सर्वांत कडक उपाय प्रथम योजला कीं आपलें समाधान होतें, कपड्याचें कल्याण होत नाहीं. घरांतील मुलाच्या, सुनेच्या, गड्याच्या चुकांसही आपण असेंच वागवितों. चूक अज्ञानाची, थकव्याची कीं लोभाची, हें पाहण्यापूर्वींच कढत पाणी ओतून मोकळे होतों.

घाईहूनही लाज अधिक घातक आहे. आपल्या कित्येक घरांतून ऋतुकाळचीं वस्त्रें धुतल्यावर अंधाऱ्या कोंपऱ्यांत, दुसऱ्या लुगड्याखालीं वाळत घातलीं जात. आजही ही रीत अगदींच संपली आहे असें नाहीं. ज्या कपड्यास उन्हाची सर्वांत अधिक गरज, त्यासच ऊन नाकारलें गेलें. आणि ओलसर वस्त्रानें जें दुखणें येईल तें बाईनें मुकाट्यानें सोसावें, हा शिरस्ता पडला. यांत तिचा अपराध कोणता? निसर्गनियमानें आलेल्या रक्तास आपण कलंक म्हटलें, आणि तो शब्द राखण्यासाठीं तिच्या आरोग्याचा बळी दिला.

यावर कोणी म्हणेल कीं, लाजच नसेल तर स्वच्छतेची चाड कोणास राहील? आक्षेप अगदींच निराधार नाहीं. चारचौघांत मळका सदरा घालून जाण्याचा संकोच वाटतो, म्हणूनच पुष्कळजण कपडे धुतात. परंतु हा संकोच माणसास पाण्याकडे नेईल तोंवरच उपयुक्त. तो डाग लपवावयास लावूं लागला कीं अनर्थ होतो. लपविलेला डाग वाळतो, आणि वाळलेला डाग काढणें ताज्या डागाहून कितीतरी कष्टाचें असतें.

शिवाय प्रत्येक डाग काढलाच पाहिजे असेंही नाहीं. ज्याचा कपडा त्यास परत मिळावा म्हणून पूर्वीं धोबी बिब्ब्याच्या रसानें मुद्दाम न निघणारी खूण करीत. १९६२ च्या निवडणुकीपासून मतदाराच्या बोटास लागणारी शाई लवकर निघत नाहीं, यांतच तिचें मोल आहे. केळीच्या बागेंत राबणाऱ्याच्या अंगरख्यावर चिकाचे डाग कायमचे राहतात. ते त्याच्या कष्टाचा दाखला होत. मळ धुवावाच, पण स्वच्छ धुतलेल्या कपड्यावर राहिलेली खूण सोसण्याइतकी उदारता आपल्या नजरेंत असावी. वस्त्र फाटेपर्यंत घासून निष्कलंक करण्यांत पुरुषार्थ नाहीं. शेवटीं तें अंगावर घालावयाचें असतें, हें विसरूं नये.