भिंतीत गाडलेली अक्कल

मान खाली घालू नकोस, वर बघ. त्या घरच्या काकू मोठ्या कौतुकाने मला भिंत दाखवत होत्या, "सर, तुमच्या पोराने एक वायर दिसू दिली नाही." मी नुसता हं म्हणालो. ब्रॅकेटवरून टीव्ही उतरवला, मागची बोटभर पुट्टी खरवडली, तर आत एक्स्टेन्शन बोर्डाची पांढरी वायर! मधोमध पिळलेला जॉइंट, त्यावर काळी टेप, वरून पीओपी. ना पाईप, ना पेटी. दोन वर्षं आयटीआयत बसून हेच शिकलास?

"सर, टीव्ही करंट घेतो तो किती?" असं तू विचारणार, ठाऊक आहे मला. पंचावन्न इंची टीव्ही शंभर-दीडशे वॅटचा, म्हणजे २३० व्होल्टला पाऊण अँपिअरसुद्धा नाही. मान्य. पण त्याच वायरवर खालच्या कपाटात तू सॉकेट काढून ठेवलास ना? उद्या घाईत कोणीतरी तिथे हजार वॅटची इस्त्री लावेल, की चार अँपिअरच्या वर गेलं. टेपचा गोंद तोवर सुकलेला असेल, पीळ सैल पडला असेल, आणि जॉइंट आतल्या आत तापायला लागेल. एमसीबी पडेल म्हणतोस? कशाला पडेल? जॉइंट किती तापलाय ते तिला कळत नाही, जास्त करंट गेला तरच ती पडते. आरसीसीबीही गळती शोधते, तापलेला जॉइंट नाही.

आणि त्या एचडीएमआय केबलचं काय केलंस? वीस एमएमच्या पाईपातून प्लग जाईना, म्हणून प्लगच छाटलास! एकोणीस पिनांची केबल ती, माळ्यावरच्या दिव्याची नव्हे. आतल्या केसासारख्या तारा पिळून टेप गुंडाळलीस आणि चित्र फुटतंय म्हणून बिचाऱ्या सेट-टॉप बॉक्सला शिव्या दिल्यास.

वायर वाचवायला खाच तिरकी मारलीस, हा तर कहर आहे. भिंतीत खिळा ठोकणारा माणूस बोर्ड बघून अंदाज बांधतो: वायर सरळ वर गेली असेल, नाहीतर सरळ आडवी. तू कोपऱ्यातून कोपऱ्यात गेलास. फोटोफ्रेमसाठी ड्रिल लावणाऱ्याने काय, पंचांग बघून भोक पाडायचं? वाटेत आरसीसीचा कॉलम आला, तोही सळई दिसेपर्यंत खरवडलास. कॉलमला हात लावायचा नाही, हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळतं.

आता नीट ऐक. खाच सरळ उभी. दोन पाईप, एकमेकांपासून लांब. विजेचा पंचवीस एमएमचा, त्यात दीड स्क्वेअर एमएमच्या तीन वायरी, हिरवी अर्थिंगची धरून. गाळायची नाही ती! टीव्हीमागे भिंतीत पेटी बसवून सॉकेट, ब्रॅकेटला अडणार नाही अशा जागी. टीव्हीची स्वतःची कॉर्ड बाहेरच राहील. केबलचा दुसरा पाईप पन्नास एमएमचा, लांब वळणाचा. काटकोनी एल्बो घातलास तर प्लग तिथेच अडकेल. आत ओढायची तार सोडून ठेव. केबल बिघडली, नवी आली, की जुनी ओढून काढता आली पाहिजे. जॉइंट करायचाच असेल तर झाकण उघडता येईल अशा पेटीत.

भाड्याचं घर असेल, भिंत फोडायची नसेल, तर केसिंग-कॅपिंगची पट्टी मार आणि तिला भिंतीचा रंग दे. पट्टी दिसली तर दिसली. लाजायचं काय त्यात?

उद्या सकाळी नऊला काकूंकडे जायचं. आधी मेन बंद, मग टेस्टरने खात्री, मग छिन्नी. कॉलमची खाच तू बुजवायची नाहीस, ती इंजिनिअरला दाखवायची. पुट्टी, रंग, पाईप, सगळा खर्च तुझा. काकूंकडून एक पैसा घ्यायचा नाही. आणि खाच बुजवायच्या आधी मला बोलाव. मी आत बघितल्याशिवाय त्या भिंतीला सिमेंट लागणार नाही.