मार्थेचा प्रश्न, आपली आशा



नोव्हेंबर महिना लागला की आपल्या कबरस्तानाचे रूप पालटते. २ तारखेच्या आधी घराघरांतून माणसे कोयता-झाडू घेऊन येतात. पावसाळ्यात वाढलेले गवत काढतात, क्रूस धुऊन-पुसून घेतात, नावाच्या पाटीवर पुन्हा रंग देतात. मृत भाविकांच्या दिवशी संध्याकाळी सगळीकडे मेणबत्त्या लागतात. काही जण प्रार्थना म्हणून लगेच निघतात. काही जणांचा मात्र पाय निघत नाही. त्यांच्या माणसाच्या कबरीवरची माती अजून नीट बसलेलीही नसते.

अशा घरी आपण सांत्वनाला जातो तेव्हा एकच वाक्य निरनिराळ्या शब्दांत कानी पडते. ‘आठ दिवस आधी मोठ्या डॉक्टरांना दाखवले असते तर...’, ‘त्या रात्री मी घरी असतो तर...’, ‘पोराला मोटारसायकल घेऊन दिली नसती तर...’. २०२० आणि २०२१ सालच्या कोरोनाच्या साथीत ज्यांना आपल्या माणसाचे शेवटचे तोंडही पाहता आले नाही, त्यांच्या मनातला ‘तर’ आजही गेलेला नाही. माणूस गेल्याचे दुःख असतेच, पण हा ‘तर’ त्या दुःखाला टोचणी लावतो. कधी आपण स्वतःला दोष देतो, कधी घरच्यांना, कधी डॉक्टरांना. आणि मनातल्या मनात देवालाही.

बंधुभगिनींनो, देवाला असा दोष देणारे आपण पहिले नाही. योहानकृत शुभवर्तमानाचा ११वा अध्याय काढून पाहा. बेथानी गावी लाझरस आजारी पडतो. बहिणी प्रभू येशूला निरोप धाडतात. त्याचे या कुटुंबावर प्रेम आहे असे शुभवर्तमानकार मुद्दाम सांगतो, आणि तरीही प्रभू होता तिथेच आणखी दोन दिवस राहतो. तो पोहोचतो तेव्हा लाझरसाला कबरेत ठेवून चार दिवस झालेले असतात. मार्था गावाबाहेर जाऊन त्याला गाठते आणि तोंडावर सांगते की, तो इथे असता तर तिचा भाऊ गेला नसता. थोड्या वेळाने मरिया येते, तीही तेच म्हणते. चार दिवस त्या घरात दोघी बहिणी एकमेकींशी काय बोलत असतील, हे यावरून कळते.

प्रभू येशू या ‘तर’वर रागावत नाही. आपण उशिरा का आलो याचा हिशेबही तो देत नाही. दोघींनी एकच गाऱ्हाणे मांडले, पण तो दोघींना दोन तऱ्हांनी भेटतो. मार्थेशी तो बोलतो, मरियेबरोबर तो रडतो. काही मिनिटांतच आपण लाझरसाला उठवणार आहोत हे ठाऊक असूनही तो रडतो! म्हणून आपल्यापैकी कोणीही दुःखी माणसाला ‘रडू नका, तुमची श्रद्धा कुठे गेली?’ असे म्हणू नये. अश्रू म्हणजे अश्रद्धा नव्हे.

संत ऑगस्टीनने हे स्वतःच्या घरी अनुभवले. इ. स. ३८७ मध्ये रोमजवळच्या ओस्तिया या बंदरात त्याची आई संत मोनिका वारली. तिने प्राण सोडताच ऑगस्टीनचा मुलगा मोठ्याने रडू लागला, तेव्हा सगळ्यांनी त्याला गप्प केले. ख्रिस्ती मरणावर आक्रोश शोभत नाही असे त्यांना वाटले. ऑगस्टीनने दफनविधी होईपर्यंत डोळ्यांतून टिपूस काढले नाही. पण पुढे एकांतात त्याचा बांध फुटला, आणि ते रडणे त्याने देवासमोर लपवून ठेवले नाही. संत पौलानेही थेस्सलनीका येथील भाविकांना हेच समजावले. त्यांची माणसे प्रभूच्या पुनरागमनाआधीच मरण पावली म्हणून ते खचले होते. पौल त्यांना शोक करूच नका असे सांगत नाही. ज्यांना आशाच नाही त्यांच्यासारखा शोक करू नका, एवढेच त्याचे म्हणणे आहे.

मग ही आशा कोणती? मार्थेचे उत्तर पाहा. तुझा भाऊ उठेल, असे प्रभू म्हणताच ती लगेच सांगते की अंतिम दिवशी तो उठेल हे तिला माहीत आहे. उत्तर अचूक आहे. आपणही दर रविवारी विश्वासांगीकारात मृतांचे पुनरुत्थान होईल असे म्हणतो. पण तो दिवस दूर, आणि घरातली रिकामी खुर्ची मात्र समोर! प्रभू तिला त्या दूरच्या दिवसापासून स्वतःकडे वळवतो. पुनरुत्थान म्हणजे केवळ पुढे कधीतरी घडणारी घटना नव्हे. ते तोच आहे, तिच्यासमोर उभा असलेला. यावर तिचा विश्वास आहे का, असे तो विचारतो. ती ‘होय’ म्हणते.

हे ‘होय’ तिने केव्हा म्हटले, याकडे आपले लक्ष जात नाही. लाझरस बाहेर आल्यावर नव्हे. कबरेच्या तोंडावरचा दगड अजून जागेवरच होता. आपणही आज तिथेच उभे आहोत. आपल्या माणसाच्या कबरीवरचा दगड आज सरकणार नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. तरीही मार्थेप्रमाणे ‘होय’ म्हणणे, यालाच ख्रिस्ती आशा म्हणतात.

आणखी एक गोष्ट. लाझरस जुन्याच आयुष्यात परत आला, त्याला पुन्हा एकदा मरावे लागले. तो बाहेर आला तो हातपाय बांधलेल्या पट्ट्यांसह. पास्काच्या पहाटे मात्र प्रभूची कफनवस्त्रे कबरेतच पडलेली शिष्यांना दिसली, कारण त्याला मरणाकडे परतायचे नव्हते. आपल्याला वचन मिळाले आहे ते या दुसऱ्या जीवनाचे. त्या जीवनात माणूस हरवत नाही, पुसला जात नाही. उठलेल्या प्रभूच्या हातांवर खिळ्यांचे व्रण तसेच होते, आणि मग्दालिया मरियेला त्याने तिच्या नावाने हाक मारली तेव्हाच तिला ओळख पटली. आपल्या माणसांची नावे आपण पाटीवर रंगवतो, देवाने ती आपल्या हृदयात जपली आहेत.

ज्यांच्या घरात कोणी स्वतःच्या हाताने जीव दिला, त्यांच्या मनातला ‘तर’ सर्वांत जड असतो, आणि तो ते कोणाजवळ बोलूही शकत नाहीत. त्यांना आज मुद्दाम सांगावेसे वाटते : १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथाने स्पष्ट केले आहे की अशा माणसांच्या तारणाविषयी आपण निराश होऊ नये. देवालाच ठाऊक असलेल्या मार्गांनी तो त्यांना पश्चात्तापाची संधी देऊ शकतो, आणि ख्रिस्तसभा त्यांच्यासाठी प्रार्थना करते. आपणही करू या, आणि त्यांच्या घरच्यांकडे बोटे दाखवणे थांबवू या.

शेवटी लाझरसाच्या कबरेपाशी परत येऊ. मेलेल्याला हाक प्रभूने मारली, पण दगड माणसांनी सरकवला. पट्ट्या सोडण्याचे कामही प्रभूने जमलेल्या माणसांनाच सांगितले. आपल्या धर्मग्रामाचे काम तेच आहे. सातव्या दिवसापर्यंत दुःखाचे घर माणसांनी भरलेले असते. महिन्याची मिस्सा झाली की ओटा रिकामा होतो. खरे दुःख तिथून सुरू होते. या महिन्यात आपल्या आळीतल्या अशा एका घरी जाऊ या. उपदेश करायला नको. चहा घ्यावा, गेलेल्या माणसाचे नाव घ्यावे, त्याची एखादी आठवण काढावी, एक माळ सोबत म्हणावी. दोषाच्या पट्ट्या अशाच सुटतात.

आणि आपल्या मृतांसाठी प्रार्थना करू या. मोनिकेने मरताना मुलांना सांगितले होते की देह कुठेही पुरा, फक्त प्रभूच्या वेदीपाशी माझी आठवण ठेवा. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१५ साली, पोप बेनेडिक्ट पंधरावे यांनी २ नोव्हेंबरला प्रत्येक धर्मगुरूला तीन मिस्सा अर्पण करण्याची मुभा दिली, ती आजही आहे. १ ते ८ नोव्हेंबर या दिवसांत कबरस्तानाला भेट देऊन मृतांसाठी प्रार्थना केल्यास, प्रायश्चित्त संस्कार, ख्रिस्तशरीराचा स्वीकार आणि पोपमहोदयांच्या हेतूसाठी प्रार्थना या नेहमीच्या अटींसह, त्यांच्यासाठी संपूर्ण इंडल्जन्स मिळवता येते. पाकिटात नावे लिहिताना ज्यांचे नाव घेणारे कोणी उरले नाही, त्यांच्यासाठीही एक ओळ लिहू या.

हे प्रभो, आमच्या ओठांवरचा ‘तर’ तू ऐकला आहेस. बेथानीत रडलास तसा आमच्याबरोबर रड, आणि दगड जागेवर असतानाच ‘होय’ म्हणण्याचे बळ आम्हांला दे. आमच्या माणसांना तुझ्या प्रकाशात ठेव, आणि एके दिवशी आम्हांला त्यांच्यासह तुझ्या मेजाभोवती एकत्र बसव. आमेन.