बाद मताचा हिशेब



बीड जिल्ह्यातल्या आम्हा शिक्षकांना निवडणुकीचे काम चुकत नाही. त्या कामावर असलेल्याचे मत बहुधा टपाली मतपत्रिकेवर असते. मागे माझ्या एका सहकाऱ्याने मतपत्रिकेवर खूण अगदी नीट केली, पण सोबतच्या घोषणापत्रावर सही-साक्षांकन राहिले. नियम असा की घोषणापत्र सदोष असेल तर आतला लिफाफा फोडायचाच नाही. मत बाद! त्याची इच्छा तर खरी होती. मग ती का मोजू नये?

हा प्रश्न आपल्या समाजाला नवा नाही. १९५२ साली उत्तर मुंबईच्या द्विसदस्य मतदारसंघात बाबासाहेब राखीव जागेवर चौदा-पंधरा हजार मतांनी पडले. नारायण काजरोळकर निवडून आले. आणि बाद मते किती? ७४,३३३! मतदाराला तेव्हा दोन मते असत. दोन्ही एकालाच दिली तर कायद्याने एकच धरायचे, दुसरे रद्द. राखीव जागेचे मत वाया घालवा असा प्रचार कॉम्रेड डांगे यांच्या बाजूने झाला, अशी तक्रार घेऊन बाबासाहेब आणि अशोक मेहता न्यायाधिकरणापुढे गेले. अर्ज फेटाळला गेला. असे मतदारसंघच पुढे १९६१ च्या कायद्याने गेले.

आपला धम्म चेतनेला कर्म मानतो. म्हणून मलाही पूर्वी वाटे, मतातही हेतूच पाहावा. पण बंधूंनो, हेतू पाहणार कोण? टेबलाशी बसलेला अधिकारीच ना! वाड्याच्या दबावाखाली गुपचूप मत देणाऱ्या आपल्या वस्तीतल्या म्हातारीचे मन त्याने वाचावे काय? कागदाचा कोरडा नियम तिचेच रक्षण करतो. माझ्या सहकाऱ्याचे मत बाद झाले ते मला रुचले नाही, पण पटले.

मत वाया घालवणाऱ्या मतदारालाही मी दोष देत नाही. दुसरे मत वापरण्याची सक्ती नव्हती. आज तर 'नोटा' यंत्रावरच आहे, २०१३ पासून. पण दुसऱ्याला पाडण्यासाठी गरिबाला त्याचे मत फेकायला शिकवणारा? कायद्याने तो सुटेलही. मी त्याला सोडत नाही.

१९५४ ला भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत हाच मोह बाबासाहेबांपुढे आला. दुसरे मत कोणालाच देऊ नका असे लोकांना सांगा, असा कार्यकर्त्यांचा आग्रह होता. पडलो तरी चालेल, पण मत वाया घालवा असे मी सांगणार नाही, अशी त्यांची भूमिका होती, असे जुने लोक सांगतात. सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता निवडून आले. बाबासाहेब पडले.