वेशीवरचे अभय

राज्याचे खरे अधिष्ठान दंडाचा धाक की प्रजेची परस्पर संमती, हा प्रश्न शांतिपर्वाइतकाच जुना आहे; परंतु त्याचे उत्तर ग्रंथात न मांडता भिंतीवर रंगवून घेण्याची बुद्धी इटलीतील सिएना नगरीच्या नऊ कारभाऱ्यांना झाली आणि १३३८-३९ या काळात त्यांनी आपल्या मसलतीच्या दालनात आंब्रोजो लोरेंझेत्ती या चित्रकाराकडून सुराज्य व कुराज्य यांची भित्तिचित्रे करवून घेतली. हुकूम सोडताना कारभाऱ्यांच्या डोळ्यांसमोर त्या हुकमाची फळे असावीत, हा या योजनेतील नैतिक विचार मला फार मोलाचा वाटतो.

सुराज्याच्या भिंतीवर अर्धे नगर आणि अर्धे शिवार आहे. तटाच्या आत परांचीवर गवंडी काम करीत आहेत, चांभाराचे दुकान उघडे आहे, गुरू शिष्यांना पाठ देत आहे. तटाबाहेर द्राक्षमळ्यांच्या टेकड्या पसरल्या असून पेरणी, कापणी आणि मळणी ही भिन्न ऋतूंची कामे एकाच दृष्टिक्षेपात चाललेली दिसतात. वेशीतून गोण्या लादलेली खेचरे आत येतात, एक शेतकरी डुकराला नगराकडे हाकीत आणतो आणि त्याच वाटेने घोड्यांवर स्वार झालेले श्रीमंत शिकारीसाठी बाहेर पडतात.

या वेशीवर अभयाची देवता अंतराळात विहरते. तिच्या एका हातातील पटावर प्रत्येकाला निर्भयपणे फिरण्याचे व शेत कसण्याचे आश्वासन आहे, तर दुसऱ्या हातात फाशीचा खांब असून त्यावर गुन्हेगार लोंबकळत आहे. दंडाविना अभय नाही, हे दंडनीतीचे सूत्र चित्रकाराने लपविलेले नाही. तथापि तो तेथेच थांबला नाही. शेजारच्या भिंतीवर न्यायाच्या तराजूतून निघालेले दोन पदर मांडीवर रंधा घेऊन बसलेल्या सामंजस्याच्या देवतेपाशी एकत्र येतात आणि तो दोर चोवीस नागरिक हातोहात धरून लोककल्याणाच्या सिंहासनापर्यंत नेतात. दोराने कोणी जखडलेला नाही. प्रत्येकाने तो आपण होऊन धरला आहे. दंड अनिष्टाला अटकाव करील, पण राज्य उभे राहते ते या धरण्यावर, असा त्याचा निर्वाळा आहे, आणि तो मला मान्य आहे.

परंतु दोर धरणाऱ्या त्या रांगेत शेत कसणारा नाही. नगराचे अन्न त्याच्या घामाचे, महसूल त्याच्याकडून, अभयाचे आश्वासनही त्याला. मात्र मसलतीत त्याला स्थान नाही. हा दोष चित्राचा नसून त्या राज्यव्यवस्थेचा आहे. १३४८ च्या महामारीने सिएनाची वाताहत केली आणि १३५५ मध्ये नवांची सत्ता लयाला गेली. पुढे तशी चित्रे नसलेल्या दालनांतून अनेक राज्यांनी कारभार केला, पण तोच दोष चालू ठेवला. ज्याच्या धान्यावर नगर जगते त्याला केवळ संरक्षण देणे ही दया झाली. कारभाराचा दोर त्याच्याही हाती देणे हाच न्याय होय.