बाहेरचा हात

आमच्या कल्याणच्या मलंगगड पट्ट्यात छकड्यांची शर्यत संपली, की एक वाद हटकून निघायचा. बैल पळाला, की पळवला? छकड्यावरचा गाडीवान तर हाकणारच. पण कडेला उभ्या असलेल्या कुणी पराणी टोचली, तर ती जीत कुणाची? आमचे काका म्हणायचे, "बाहेरच्या हातानं पलला, तर तो बैल जिकला नाय रं."

लांब पल्ल्याच्या घोडेस्वारीत याचा नियमच आहे. तिथं एका दिवसात १६० किलोमीटरपर्यंत जायचं असतं. ठरलेल्या जागी आपली माणसं घोड्याला पाणी पाजतील, अंगावर ओततील, ते चालतं. पण मागून कुणी घोडा हाकला, तर स्वार बाद होऊ शकतो. आंतरराष्ट्रीय नियमांत स्वाराच्या हातातही चाबूक चालत नाही. टप्प्याटप्प्यावर पशुवैद्य ठोके मोजतात. ते मिनिटाला साधारण ६४ पर्यंत उतरले नाहीत, तर घोडा तिथंच थांबतो.

माणसाचंही तेच. १९०८ साली लंडनच्या ऑलिंपिक मॅरेथॉनमध्ये इटलीचा दोरांदो पिएत्री शेवटच्या टप्प्यात कोसळत होता. पंचांनी त्याला उठवून रेषेपार नेलं. पहिला आला आणि बाद झाला. वाईट वाटतं, पण निकाल बरोबर होता. बिचारा पळायला निदान आपल्या मनानं उतरला होता. बैलाला कुणी विचारलं?

गावात काहीजण म्हणायचे, दोन्हीकडून सारखंच टोचलं की झाली बरोबरी. झाली खरी, पण मालकामालकांत. बैलाच्या वाट्याला दुप्पट टोचणी आली. म्हणून मला वाटतं, बाहेरच्या मदतीचा नियम आधी जनावरासाठी आहे, मग प्रतिस्पर्ध्यासाठी. मदत कुणाच्या कामी आली, एवढं बघावं. पाणी बैलाच्या कामी येतं, पराणी मालकाच्या.

२०१४ साली सर्वोच्च न्यायालयानं या शर्यती बंद केल्या. डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठानं राज्याचा कायदा वैध ठरवला. आता काठी, चाबूक, विजेचा झटका, सगळ्याला मनाई आहे. पण पंच निशाणापाशी असतात आणि टोचणारा हात मधल्या गर्दीत. तो धरायचा, तर शेजारी उभ्या माणसानंच धरायला हवा. मग पळणारा बैल त्याच्याच गावचा का असेना.