आजचं चिंतन : चारी बुजल्यावर काय उरतं?



आजचे श्लोक : भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक ८ आणि ९.

दोन्ही श्लोक त्यागाबद्दल आहेत. आठव्यात भगवंत सांगतात की, काम त्रासाचं आहे, शरीराला कष्ट पडतील, एवढ्याच भीतीने ते सोडलं तर तो त्याग राजस. अशा त्यागाचं फळही मिळत नाही. नवव्यात सांगतात, काम करायलाच हवं म्हणून करायचं, पण त्यातली आसक्ती आणि फळ सोडायचं. हा त्याग सात्त्विक.

वाचायला सोपं आहे. अडचण अशी की दोन्हीकडे माणूस ‘मी सोडलं’ असंच म्हणतो. मग आपण नक्की काय सोडलं, हे ओळखायचं कसं? मला याचं उत्तर शोधताना पाईपलाईनची चारी आठवते.

जुन्नर तालुक्यात मामांचं शेत आहे. विहिरीपासून वरच्या तुकड्यापर्यंत साधारण १२०० फूट पीव्हीसी लाईन पुरायची होती. वीस फुटी पाईप, म्हणजे साठ नग. आपल्या दख्खनच्या पठारावर वीतभर माती उकरली की मुरूम लागतो आणि त्याखाली काळा कातळ. ट्रॅक्टरच्या मागे एकाच दाताचं सबसॉयलर लावलं होतं. लो गिअरमध्ये एक फेरी मारायची, मुरूम सैल करायचा, मग माणसांनी पहार-फावड्याने तो बाहेर काढायचा, पुन्हा त्याच रेषेत दुसरी फेरी. दगडात दात अडकला की नवख्याला वाटतं, अजून रेस द्यावी. तसं केलं तर ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलतात, आणि ट्रॅक्टर मागे उलटूही शकतो. त्यामुळे जाणता ड्रायव्हर थांबतो, दात वर घेतो, मागे येतो आणि पुन्हा थोडं थोडं खाली जातो.

ठरलेली खोली होती दोन फूट. का दोन? कारण नांगर फूटभर खाली जातो. पाईप त्याच्या बराच खाली हवा. म्हणजे खोली किती हवी हे आपल्या दमावर ठरत नाही, पाईपच्या गरजेवर ठरतं. ‘नियत कर्म’ हा शब्द मला इथे समजला.

एका ठिकाणी फूटभर खोलीवरच सलग कातळ लागला. संध्याकाळ होत आलेली, ट्रॅक्टर तासावर ठरवलेला. ड्रायव्हर म्हणाला, “इथं राहू द्या एवढंच. वरून माती ओढली की कुणाला दिसतंय?”

मामा म्हणाले, “दिसायचं नाय, पण नांगराला घावंल की!”

त्याचं म्हणणं दुष्टपणाचं नव्हतं. माणूस दिवसभर हादरे खाऊन थकला होता. पण गंमत बघा. पाईप वर ठेवला असता तर सुटलं काय असतं? काम. आणि उरलं काय असतं? आज संपवायची घाई, आरामाची ओढ, वाचलेल्या पैशाचं समाधान. म्हणजे आसक्ती जशीच्या तशी आणि कर्म मात्र कमी. सात्त्विक त्यागात याच्या नेमकं उलट होतं. कर्म पूर्ण राहतं, आसक्ती जाते. ओळखायची खूण एवढीच : सोडल्यावर कमी काय झालं, काम की मोह?

आता कुणी विचारेल, मग कातळाशी डोकं आपटत बसायचं का? नाही. हट्ट म्हणजे सात्त्विकता नव्हे. मामांनी दुसऱ्या दिवशी तेवढ्या पट्ट्यात लाईन वळवून बांधाच्या कडेने घेतली, जिथे नांगर जातच नाही. दोन एल्बो वाढले, अर्धा दिवस गेला. वळवायला जागा नसती तर तिथे लोखंडी पाईप घालता आला असता, किंवा वरून काँक्रीट टाकून खुणेचा दगड रोवता आला असता. मर्यादा मान्य करायला गीता कुठेच नाही म्हणत नाही. मर्यादा मातीखाली लपवून ‘झालं’ म्हणणं, हा प्रश्न आहे. कारण त्याचा त्रास आपल्याला होईलच असं नाही. चार वर्षांनी नांगर धरणारा कुणी वेगळाच असेल, आणि ऐन उन्हाळ्यात त्याचं पीक वाळेल.

खोलीनंतरचं कामही तसंच. पाईपखाली मऊ मातीचा थर हवा, कारण टोकदार दगडावर टेकलेला पाईप वरच्या भाराने तिथेच फुटतो. सांधे उघडे ठेवून आधी पाणी सोडून बघायचं. मग पाईपवर पुन्हा मऊ माती, आणि दगडधोंडे सगळ्यात शेवटी. एवढं करून चारी बुजवली की वरून चांगलं आणि वाईट काम अगदी सारखं दिसतं. कौतुक करायला कुणी उरत नाही. फळाची आसक्ती सोडायची असेल तर याहून चांगली शाळा कुठली?

आपल्या आयटीतही अशा चाऱ्या रोज बुजतात. एरर हँडलिंग, टेस्ट केसेस, बॅकअप खरंच रिस्टोअर होतो का हे तपासणं. डेमोत यातलं काही दिसत नाही. डेडलाईनच्या दिवशी आपण म्हणतो, “जाऊ दे रे, परफेक्शनचा मोह नको.” ऐकायला अगदी वैराग्य! पण अर्जुनानेही धनुष्य खाली ठेवताना मोठ्या त्यागाच्याच गोष्टी केल्या होत्या. भगवंतांनी त्या जशाच्या तशा मान्य केल्या नाहीत. आपल्याही मान्य करू नयेत, निदान आपण स्वतः तरी.

आणि हे फक्त ऑफिसपुरतं नाही. नामस्मरणाला बसल्यावर पाच मिनिटांत मन कंटाळतं आणि आपण म्हणतो, “देव भावाचा भुकेला, संख्येचं काय?” खरं आहे. पण आपण संख्येचा अहंकार सोडला की फक्त बसणं सोडलं?

आजचा अभ्यास : दिवसभरात जेव्हा जेव्हा “जाऊ दे” म्हणाल, तेव्हा क्षणभर थांबा आणि बघा, नक्की काय जाऊ देताय.

राम कृष्ण हरी!